खाण संपली, आता जमीन मोकळी करा

खाण बंद पडली की गावाला वाटतं, सुटलो एकदाचे. धूळ थांबली, सुरुंग थांबले, रात्री-अपरात्री पळणारे डंपर थांबले. पण खाण बंद पडणं आणि जमीन मोकळी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण ध्यानात घेत नाही. खड्डा तिथंच राहतो. खड्ड्याच्या काठाला खाणवाल्याची एखादी इमारत राहते. कुठं ती मुकादमाची खोली असते, कुठं काट्याचं घर, कुठं दारूगोळा ठेवायची जाड भिंतींची कोठी. त्या इमारतीची किल्ली ज्याच्या खिशात, त्याचाच वावर पुढं वर्षानुवर्षे सगळ्या रानात चालू राहतो. आपली गुरं तिकडं गेली तर हाकलणारा माणूस त्याचाच.

आता अशा पडक्या इमारतींना नवा धंदा सापडला आहे. भिंतीला रंग मारायचा, वर कौलं घालायची, आत पलंग टाकायचा, दारात चार कुंड्या मांडायच्या आणि पाटी लावायची, 'निसर्गाच्या कुशीत कॉटेज'. मग शनिवार-रविवार पुण्या-नगरच्या गाड्या येणार.

पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांवर बैठका घेताना हा प्रश्न आम्हाला हटकून विचारला जातो. लोक म्हणतात, "कॉटेज झालं तर बिघडलं कुठं? खोलीत साप-विंचू राहण्यापरीस माणसं राहिलेली बरी. आपल्या पोरान्लाबी काम मिळंल." प्रश्न खरा आहे आणि विचारणारी माणसं आपलीच आहेत. त्यामुळं त्याला 'मुर्दाबाद'ची घोषणा हे उत्तर होत नाही. या अंकात आम्ही त्याचं उत्तर मांडतो आहोत.

आधी एक लांबची हकीकत सांगतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तिथं कथील आणि तांब्याच्या खाणी होत्या. जमिनीखालचं पाणी उपसायला वाफेवर चालणारी मोठमोठी इंजिनं बसवलेली असायची आणि त्या इंजिनांसाठी दगडाची उंच, जाड भिंतींची घरं बांधलेली असायची. खाणी बंद पडल्या, इंजिनं भंगारात गेली, घरं तेवढी उभी राहिली. 2006 साली युनेस्कोनं त्या सगळ्या खाण-मुलखाला जागतिक वारसा म्हणून मान दिला. आज त्यातल्या काही इमारतींमध्ये लोक राहतात, काही सुट्टीसाठी भाड्यानं मिळतात. कॅलस्टॉक गावाजवळच्या दरीत डेन्सकोम नावाचं असंच एक इंजिनघर आहे. तिथं तांब्याची आणि सोमलाची खाण होती. सोमल म्हणजे तेच जहाल विष. आता लँडमार्क ट्रस्ट नावाची संस्था ते घर पाहुण्यांना भाड्यानं देते. ही संस्था 1965 पासून पडायला आलेल्या जुन्या इमारती दुरुस्त करून हेच काम करते.

यात चांगलं काय ते आधी कबूल करू. त्यांनी इमारत पाडली नाही. तिच्या भिंती जपल्या, तिचा इतिहास सांभाळला. आपल्याकडं जुनं बांधकाम दिसलं की त्याचे दगड उपटून दुसऱ्याच्या कंपाउंडला लावतात. त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

पण त्या घरात रात्र काढणाऱ्याला सगळंच दिसतं असं नाही. कॉर्नवॉलच्या खाणींवर बाया आणि पोरी हातात हातोडे घेऊन दगड फोडायच्या. त्यांना तिथं 'बाल मेडन' म्हणत. सोमलाच्या भट्टीवरचे मजूर नाकात कापसाचे बोळे घालून आणि उघड्या अंगाला माती फासून काम करत, कारण ती पूड अंगाला लागली की कातडी सोलून निघायची. तांब्याचा भाव पडला तेव्हा हजारो खाणकामगारांनी गाव सोडलं आणि जगभर पांगले. त्यातले काही आपल्या देशात कोलारच्या सोन्याच्या खाणीपर्यंत आले. ती कोलारची खाणही 2001 साली बंद पडली. खाणीच्या मागं भिंत राहते आणि माणसं पांगतात, हे तिकडंही झालं, इकडंही झालं.

हातोडा घेऊन दगड फोडणारी बाई म्हटल्यावर आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. खडीच्या खदानीवर टोपलं उचलणाऱ्या आपल्या आया-बहिणी, सुरुंगाची भोकं पाडणारे आपले आणि वडार समाजाचे भाऊ, यांना खाणीची इमारत कुणाच्या घामातून उभी राहिली ते सांगावं लागत नाही. भिंतीचा प्रत्येक दगड कुणीतरी फोडलेला, घडवलेला आणि डोक्यावर वाहून आणलेला असतो. पुढं ती भिंत 'हेरिटेज' म्हणून भाड्यानं जाते, तेव्हा त्या हातांचं नाव पाटीवर नसतं आणि त्या हातांचा वाटा भाड्यातही नसतो.

आता जवळ येऊ. आपल्या महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यात सावनेरला वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीची कोळशाची खाण आहे. तिथं कंपनीनं इको पार्क केला आणि 2016 साली एमटीडीसीबरोबर खाण पर्यटन सुरू केलं. शहरातली माणसं डोक्यावर हेल्मेट घालून खाण बघून येतात. बघू द्या, खाणकामगाराचे कष्ट चार लोकांना कळले तर चांगलंच आहे. आमचा मुद्दा सहलीचा नाही, खाणीखालच्या जमिनीचा आहे. 13 एप्रिल 2022 ला केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानं कोळशासाठी घेतलेल्या जमिनीबद्दल एक धोरण मंजूर केलं. ज्या जमिनीतला कोळसा काढून संपला, ती जमीन दुसऱ्या कामांसाठी भाडेपट्ट्यानं देता येईल आणि मालकी सरकारी कंपनीकडेच राहील, असं त्यात ठरलं. आता बघा, जमीन घेताना सांगितलं की देशाला कोळसा पाहिजे. कोळसा संपला. मग ज्या कारणानं घेतली ते कारण संपल्यावर ज्याच्याकडून घेतली त्याला आधी विचारायला नको का? मूळ शेतकऱ्याला परत देण्याचा विचार शेवटी सुद्धा येत नाही.

जंगलाच्या जमिनीबद्दल तर आणखी सावध राहावं लागणार आहे. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यात 2023 साली बदल झाला. पूर्वी जंगलात झाडं-जंगलाव्यतिरिक्त दुसरं काही करायचं तर ते 'वनेतर काम' धरलं जायचं आणि त्याला केंद्राची परवानगी लागायची. आता वनखात्याच्या कार्य आयोजनेत इको टुरिझमची सोय दाखवलेली असली, तर ती वनेतर कामात धरली जाणार नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर आपण झोपडीला चार बांबू लावले की अतिक्रमण, आणि खात्याच्या कागदात बसलेलं कॉटेज हे जंगलाचंच काम. जुन्या खाणीची इमारत जंगलजमिनीवर उभी असेल, तर तिला पर्यटनाचा रंग द्यायला हा रस्ता मोकळा झाला आहे. म्हणून हा प्रश्न आजच बोलायचा आहे, पाटी लागल्यावर बोलून उपयोग नाही.

आपल्या गर्भगिरीच्या डोंगररांगेत कोळसा नाही, सोनं नाही. इथं खाण म्हणजे दगडाची, मुरमाची. पण रीत तीच. पट्टा काही वर्षांचा असतो, माणसं त्याला जन्माचा समजतात. पट्ट्याची मुदत संपते, रॉयल्टी भरणं थांबतं, मशिनी जातात आणि ताब्याची सवय मागं राहते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो सांगतो की इथं आमची गुरं चरायची, इथून टेंभुर्णीचा पाला आणि सरपण आणायचो. तिशीतल्या पोराला विचारलं तर तो म्हणतो, "ती खाणवाल्याची जागा हाय." एका पिढीत जागेचं नावच बदलून जातं. कॉटेज झालं की तिसऱ्या पिढीसाठी ती 'रिसॉर्टची जागा' होणार.

आणि खड्ड्याचं काय? कॉटेजला रंग लागतो, खड्ड्याला कुंपण लागत नाही. पावसाळ्यात खड्डा भरला की पाहुण्यांसाठी तो 'तलाव' होतो. आपल्या शेळ्या-गुरांसाठी आणि पोहायला जाणाऱ्या पोरांसाठी तो उभ्या कड्याचा, तळ न लागणारा धोका असतो. खाण संपवताना खड्डा भरणं, कडा उतरत्या करणं, कुंपण घालणं ही ज्याची जबाबदारी, तो ती टाकून पाहुण्यांच्या सरबराईला लागतो. ज्यानं डोंगर पोखरला, त्यानं आधी डोंगर सुरक्षित करून द्यावा. खोलीचा विचार त्यानंतर.

आता रोजगाराचं बोलू, कारण खरी नड तीच आहे. आपली माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयते बांधून ऊसतोडीला जातात. सहा-सहा महिने फडावर, पाचटाच्या खोपीत. पोरांची शाळा बुडते, म्हातारी माणसं वस्तीवर एकटी राहतात. अशा घराला कुणी म्हणालं की गावातच काम देतो, तर त्याला नको म्हणायला आम्ही कोण? आम्ही म्हणतो, काम जरूर घ्या, पण कोणत्या नात्यानं घेता ते बघा. चादरी धुणारा, अंगण झाडणारा आणि रात्रीचा राखणदार म्हणून घेता, की त्या जागेचे मालक म्हणून घेता?

आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण आहे. 1910 ला काम सुरू झालं, 1926 ला पुरं झालं. पाणी खाली बागायतीच्या, साखर कारखान्यांच्या मुलखाला गेलं आणि धरणाच्या काठची महादेव कोळी, ठाकर गावं डोंगरातच राहिली. आज तिथं मोठी हॉटेलं, रिसॉर्टं आहेत. पण मे-जूनमध्ये काजव्यांचे दिवस आले की काठच्या गावांतली आदिवासी पोरं स्वतःचे तंबू लावतात, बाया घरच्या चुलीवर पिठलं-भाकरी करून घालतात, वाट दाखवायला पोरं जातात. तिथंही अडचणी आहेत, गर्दी आहे, कचरा आहे. तरी पैसा थेट त्या घरात येतो आणि पाहुणा त्या घरचा पाहुणा असतो. पाहुणे दोन्हीकडं सारखेच. जमीन आणि चूल कुणाची, यानं सगळा फरक पडतो.

म्हणून आमचं म्हणणं एका ओळीत असं: खाण संपली की खाणीसाठी दिलेल्या जमिनीचा करारही संपला पाहिजे. इमारतीचा वापर बदलून जुना ताबा जिवंत ठेवायचा नाही. कॉटेज करायचं की अंगणवाडी, ठेवायचं की पाडायचं, हे त्यानंतर ग्रामसभा ठरवील.

कुणी म्हणेल, ग्रामसभेचं ऐकतो कोण? ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात डोंगरिया कोंध आदिवासींच्या देवाचा डोंगर बॉक्साइटसाठी खोदायचा होता. सर्वोच्च न्यायालयानं 18 एप्रिल 2013 ला सांगितलं की वनहक्क कायद्याप्रमाणं तिथल्या ग्रामसभांनी यावर विचार करावा. बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. खाण थांबली. तिथले लोक आपल्याएवढेच शिकलेले, आपल्याएवढेच गरीब. त्यांच्याकडं ठराव होता आणि एकी होती.

आपल्या हातात काय आहे तेही नीट समजून घेऊ.

एक. आधी जागा कुणाची ते कागदावर बघा. गट नंबर काढा, सातबारा काढा, जुने फेरफार काढा. वन, गायरान की खासगी, काय लिहिलंय ते वाचा. 'इतर अधिकारा'त कुणाचं नाव चिकटलंय का ते बघा. वाचता येत नसेल तर बारावी शिकलेली पोरं-पोरी आता प्रत्येक वस्तीवर आहेत, त्यांना बसवा.

दोन. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा तिकीट लागतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही लागत नाही. जिल्ह्याच्या खनिकर्म कार्यालयात विचारा: पट्टा कुणाच्या नावानं होता, किती क्षेत्राचा, मुदत कधी संपली, मुदत संपल्यावर जागा पूर्ववत करायच्या अटी काय होत्या, त्या पाळल्या का. इमारत बांधायला परवानगी होती का, आणि असेल तर कशासाठी होती. काट्याच्या घराची परवानगी म्हणजे पाहुण्यांच्या खोलीची परवानगी होत नाही.

तीन. जागा जंगलाची असेल आणि आपण पिढ्यानपिढ्या तिथं चराई, सरपण, मध, पाला यासाठी जात असू, तर तिच्यावर आपला सामूहिक हक्क आहे. 2006 चा वनहक्क कायदा रद्द झालेला नाही. खाणीचा खड्डा पडला म्हणून आपली वहिवाट पुसली, असं समजून दाव्याच्या नकाशातून तो तुकडा सोडू नका. नकाशा काढताना खाणीची जागाही आत घ्या. कायद्याच्या कलम 4(8) मध्ये आणखी एक गोष्ट आहे. सरकारी विकासकामासाठी आदिवासीला घरातून आणि शेतातून काढलं, बदल्यात जमीन दिली नाही, आणि घेतलेली जमीन पाच वर्षांत त्या कामाला वापरलीच नाही, तर त्या माणसाचा त्या जमिनीवर हक्क सांगता येतो. असं कुणाच्या घरात घडलं असेल तर म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. माणूस गेला की पुरावा गेला.

चार. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये गावासाठी जंगलजमीन देता येईल अशी 13 कामं दिली आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज, पाणी, तळं, रस्ता, कौशल्य शिकवायचं केंद्र, समाजमंदिर वगैरे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि ग्रामसभेची शिफारस लागते. ही यादी पाठ करा. तिच्यात कॉटेज नाही. जुनी इमारत मजबूत असेल तर पोरांना गवंडीकाम, सुतारकाम, मोटार वाइंडिंग शिकवायचं केंद्र तिथं होऊ शकतं. अंगणवाडी होऊ शकते. मग ग्रामसभेनंच तशी शिफारस का करू नये?

पाच. ठराव करा आणि पक्का करा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्याहून कमी माणसं चालत नाहीत, आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. ऊसतोडीला अर्धं गाव गेल्यावर ग्रामसभा बोलावली जाते, तेव्हा सावध व्हा. अशा सभेत कोरम नसताना झालेला 'ना हरकत' ठराव आपण मानायचा नाही, लेखी हरकत घ्यायची. सभा गाव परत आल्यावर घ्या असं आधीच लिहून द्या. अकोल्यातल्या भावांना पेसा कायद्याचा आणखी आधार आहे. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्याला आधी गावाची शिफारस लागते. पाथर्डीला पेसा लागू नाही, पण वनहक्क कायदा लागू आहे. 'तुमच्याकडं पेसा नाही' असं सांगून कुणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एका पडक्या खोलीसाठी एवढा खटाटोप कशाला? खोली लहान असते हे खरं. पण खोलीला वाट लागते, वाटेला फाटक लागतं, फाटकाला राखणदार लागतो. पाहुण्यांना शांतता पाहिजे म्हणून गुरांच्या गळ्यातल्या घंटा नको होतात, चुलीचा धूर नको होतो, ओढ्यावर धुणं नको होतं. एका खोलीनं सुरुवात होते आणि ओढ्यापर्यंत कुंपण जातं. शहराजवळच्या डोंगरांत हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

जुन्या भिंती जपायला आमचा विरोध नाही. आमचं तर म्हणणं आहे की जपाच, पण पूर्ण जपा. तिथं कुणी दगड फोडले, कुणाचा हात सुरुंगात गेला, कुणाची चराई गेली, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत डोंगर पोखरला, हे सगळं भिंतीवर लिहा. मजुरांची नावं गावातल्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहेत. ग्रामसभेनं अशी पाटी लावली तर पोरं खदानीत राबणाऱ्या आपल्या आजीचं नाव वाचतील. आणि पाहुणे ठेवायचेच ठरलं, तर ते ग्रामसभेच्या मालकीच्या घरात, ग्रामसभेच्या दरानं आणि ग्रामसभेच्या वहीत नोंद करून ठेवू.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या भागातल्या बंद पडलेल्या खाणीचा गट नंबर, तिथं उभ्या असलेल्या इमारतीची माहिती आणि तिथं काम केलेल्या माणसांची नावं लिहून आणा. बायांनी चराईच्या आणि सरपणाच्या जुन्या वाटा सांगाव्यात, त्या नकाशावर मांडू. माहिती अधिकाराचे अर्ज तिथंच बसून लिहू. कोयता बांधून गाव बाहेर पडायच्या आत हे काम उरकायचं आहे.

जोहार! जिंदाबाद!